ट्रकचं तेल कोण पितं?

तिलवाऱ्याच्या पुलाअलीकडे नागपूर रस्त्यालगत ट्रकांचा तळ आहे. डिसेंबरातल्या त्या मंगळवारी दुपारी तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. चहावाल्यानं टपरी सोडली होती, पंक्चरवाल्यानं चाक अर्धवट खोलून टाकलं होतं, आणि सगळे मिळून तुळशीरामच्या ट्रकच्या उघड्या बॉनेटकडे बघत होते.

बॉनेटपाशी झुंबरनाथ महाराज उभे होते. कपाळभर शेंदूर, गळ्यात कवड्या, हातात इंजिनाचं तेल मोजायची लोखंडी पट्टी. त्यांनी आधी दहा मिनिटं इंजिन जोरात चालवायला लावलं. बंद केल्याबरोबर पट्टी काढून पुसली, पुन्हा आत घातली, बाहेर काढली आणि लोकांपुढून फिरवली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. मग तुळशीरामच्या विधवा वहिनीला, रोशनीला, बॉनेटसमोर उभं केलं गेलं. अर्धा तास मंत्र चालले, राळेचा धूर झाला, एकवीस लिंबं कापली गेली आणि प्रत्येक लिंबामागे रोशनीच्या पाठीत एकेक फटका बसला. "जितना पिया है, उतना उगल," महाराज दरडावत होते. शेवटी पट्टी पुन्हा काढली, तेव्हा तेल बोटभर वर चढलेलं होतं. मधल्या वेळात कोणी डबा उघडला नव्हता की इंजिनाला हात लावला नव्हता.

गर्दीनं हात जोडले. तुळशीराम मटकन खाली बसून रडायला लागला.

अंजनी तळावर पोचली ती नेमकी याच वेळी. ती सरकारी आयटीआयमध्ये मुलांना डिझेल इंजिन शिकवायची, सतरा वर्षं झाली होती. रोशनी घमापुरात तिच्याच गल्लीत राहायची, तिचे ब्लाउज शिवायची. दुपारी रोशनीचा फोन आला होता, की दीदी, मला तळावर नेऊन राहिले, काहून ते सांगत नाहीत. अंजनीचा तास चालू होता. संपवून जाते, असं ती म्हणाली. त्या एका तासासाठी तिनं स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

कारण गर्दीतून वाट काढत ती पुढे येईपर्यंत महाराजांनी इंजिनाखालून वाटीभर काळं तेल काढलं होतं. दोघांनी रोशनीचे हात धरले, तिसऱ्यानं नाक दाबलं आणि वाटी तिच्या तोंडात रिकामी झाली. जे तिनं प्यायलं ते तिलाच परत, असा महाराजांचा न्याय होता. रोशनी खोकत, ओकत मातीत कोसळली. अंजनीनं तिला ओढतच ऑटोत घातलं आणि नेपियर टाउनच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढून सांगितलं, की खोकताना तेल फुप्फुसात उतरलंय, आठवडाभर ठेवावं लागेल, आणि वाचली तर नशीब समजा.

भानगड सगळी दिवाळीपासूनची. ट्रक रोशनीच्या नवऱ्यानं, धनेशनं घेतलेला. तो काविळीनं गेला आणि धाकटा तुळशीराम ट्रक चालवू लागला. जुनं इंजिन घाटात भरल्या गाडीनिशी दम टाकायचं, म्हणून त्यानं पियूष मिस्त्रीकडून त्याला टर्बो बसवून घेतला. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. गाडी घाट सरसर चढू लागली खरी, पण नागपूरच्या दर फेरीत तीन लिटर तेल गायब व्हायला लागलं. गाडीखाली थेंब सांडलेला दिसेना. पियूषनं चार वेळा बॉनेट उघडून मिटलं आणि म्हणाला, इंजिन ठीक आहे, ही दुसरी काही बाधा आहे. महाराजांकडे त्यानंच नेलं. महाराजांनी ट्रक पाहिला नाही, टर्बो पाहिला नाही. घरात विधवा कोण, एवढंच विचारलं आणि तीच गाडीचं तेल पिते, असं ठरवून टाकलं.

मंगळवारीच संध्याकाळी अंजनी पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेली. तिथल्या हवालदारानं डॉक्टरांचा कागद वाचला आणि साक्षीदार आणा म्हणाला. तळावर दोनशे माणसं होती. दुसऱ्या दिवशी तिनं वीस जणांना विचारलं. कोणी म्हणालं, मी पाठमोरा होतो. कोणी म्हणालं, मॅडम, तेल तर आमच्या डोळ्यांसमोर चढलं, आता आम्ही महाराजांविरुद्ध काय सांगायचं? चमत्कार मोडल्याशिवाय साक्षीदार मिळणार नाही, हे तिला कळून चुकलं.

शनिवारी महाराज पुन्हा तळावर आले. आता इतर ट्रकवालेही रांग लावून होते. अंजनी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आज तेल मी चढवते. मंत्र नाही, लिंबू नाही, बाई नाही."

महाराज हसले आणि भक्तांकडे वळून म्हणाले, की कलियुगात बायका देवीची परीक्षा घ्यायला निघाल्या आहेत, बघा आता काय होतं ते. पण गर्दीला तमाशा हवाच होता. अंजनीनं गुणवंत नावाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरची गाडी निवडली. त्या गाडीचं तेल कधी कमी होत नसे, हे सगळ्या तळाला ठाऊक होतं. इंजिन दहा मिनिटं जोरात चालवलं, बंद केलं, लगेच पट्टी काढून दाखवली. मग तिनं चहा मागवला आणि एका टायरवर बसून राहिली. महाराज मध्येच घंटी वाजवू लागले, तेव्हा तिनं त्यांना गाडीपासून पन्नास पावलं लांब उभं राहायला सांगितलं. अर्ध्या तासानं पट्टी काढली. तेल बोटभर वर. मग आणखी दोन गाड्यांवर तेच केलं. तिथंही तेल तसंच वर.

"भजी झाऱ्यानं वर काढली की त्यांचं तेल कढईत निथळतं ना?" अंजनी म्हणाली. "चालू इंजिनात तेल वरपर्यंत खेळत असतं. बंद केलं की ते हळूहळू खाली निथळतं. थंडीत आणखी सावकाश. अर्धा तास मंत्र म्हणा नाहीतर शिव्या द्या, ते खाली येणारच."

गुणवंत चष्मा पुसत म्हणाला, "हे तर आम्हाले माहीतच आहे, मॅडम. म्हणून तर तेल सकाळी थंड गाडीचं पाहतो."

अंजनी त्याच्याकडे बघतच राहिली. "मग मंगळवारी काहून बोलला नाहीत?"

म्हाताऱ्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "महाराजांपुढे कोण बोलते? अन् बाई काही माझ्या घरची नव्हती."

त्या वाक्यानं अंजनीला महाराजांपेक्षाही जास्त राग आला. पण तेवढ्यात तुळशीराम पुढे आला. म्हणाला, तेल चढायचं समजलं, पण दर फेरीत तीन लिटर जातं हे तर खोटं नाही, ते कुठं जातं? प्रश्न रास्त होता. अंजनीनं बाह्या वर केल्या.

तिनं त्याला आधी विचारलं, की गाडी बराच वेळ उभ्याउभ्या चालू ठेवून मग निघालास की धूर कसा येतो? निळा, तो म्हणाला. म्हणजे तेल जळतंय, सांडत नाही, हे तिनं सगळ्यांना सांगितलं. मग टर्बोकडून इंजिनात हवा नेणारा पाइप सोडवला. आत बोट फिरवलं तर ते तेलानं थबथबून बाहेर आलं. टर्बोचा पंखा हलवून पाहिला. तो लटपटत नव्हता, त्यात खोट नव्हती. शेवटी ती गाडीखाली सरपटत गेली आणि पियूषला तिथूनच हाक मारली.

टर्बोला तेल इंजिनाच्या दाबानं मिळतं, पण परत येताना त्याला कोणी ढकलत नाही. ते आपल्या वजनानं खाली उतरतं. त्यासाठी जाड, सरळ उताराचा पाइप लागतो. पियूषनं बारीक रबरी नळी लावली होती आणि ती एका कोपऱ्यावरून वळवताना चेपली होती. मोरीचं तोंड बुजलं की पाणी स्वयंपाकघरात शिरतं, तसं तेल टर्बोत तुंबत होतं आणि पंख्याच्या बाजूनं इंजिनात जाऊन जळत होतं.

"तुला दिसलं नव्हतं?" अंजनीनं विचारलं.

पियूष खाली मान घालून म्हणाला, दुसऱ्या वेळी बॉनेट उघडलं तेव्हाच दिसलं होतं. पण चूक कबूल केली तर तळावर पुन्हा कोणी काम देणार नाही, असं वाटलं. महाराजांनी बाधा काढली की लोकांचं समाधान होईल, तोवर गुपचूप नळी बदलू.

"अन् रोशनी?"

तो नळी सोडवायला लागला.

महाराजांनी तोवर झोळी आवरली होती. गुणवंत त्यांच्या वाटेत जाऊन उभा राहिला. म्हणाला, "बसा महाराज. मी साक्ष द्यायले जाऊन राहिलो, तुम्हीही चला." त्याच्यामागे आणखी नऊ जण निघाले. महाराज आणि रोशनीचे हात धरणारे दोघं त्या संध्याकाळी कोठडीत गेले. नाक दाबणारा दोन दिवसांनी सापडला.

ट्रकला जाडा लोखंडी पाइप बसला. नागपूरला जाऊन आल्यावर, सकाळी, थंड इंजिनात तुळशीरामनं पट्टी घालून पाहिली. तेल जवळजवळ होतं तिथंच होतं.

तो दवाखान्यात जाऊन रोशनीच्या पाया पडायला लागला. तिनं पाय ओढून घेतले. आवाज अजून घोगराच होता. "इथं नको," ती म्हणाली. "जिथं मारलं तिथं सांग."

घरी सोडल्यावर ती अंजनीसोबत तळावर आली. तुळशीरामनं सगळ्यांसमोर सांगितलं, की वहिनींनी काही केलं नव्हतं, मी त्यांना मारू दिलं. माणसं खाली बघत होती. रोशनीनं अंजनीला ती नळी दाखवायला सांगितली. वीतभर रबर, मध्ये चेपलेलं. तिनं ते हातात घेऊन उलटसुलट केलं.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली.

अंजनीनं नळी घेऊन चहाच्या टपरीच्या खांबाला, सगळ्यांना दिसेल अशी, तारेनं बांधली.

"तुम्ही रोज इंजिन उघडता," ती म्हणाली. "नट कुठला ढिला, पाइप कुठला फुटला, तुम्हाला आवाजावरून कळतं. तीच अक्कल घरी न्या. तेल कमी झालं तर नळी बघा. माणूस आजारी पडलं तर डॉक्टर बघा. बाई शोधू नका."