संत्रं घातलेलं माते

हिलारिओने पिशवीचं तोंड कात्रीने कापलं आणि नाक आत घातलं. संत्र्याची साल, खोबऱ्याचा कीस, आणि त्याखाली कुठेतरी अंग चोरून बसलेली माते नावाच्या कडू चहाची हिरवी पत्ती. मॉलमधल्या चहाच्या दुकानातली मुलगी म्हणाली होती, आजोबा, हल्ली सगळे हेच नेतात. तिला नाही म्हणणं त्याला जमलं नव्हतं.

खरं कारण मात्र सुलेमा होती. त्याची बायको गेल्यापासून चार वर्षं ही शेजारीण रोज पाच वाजता त्याच्या अंगणात येई. दोघं एकाच भोपळ्याच्या भांड्यातून, एकाच नळीने आळीपाळीने माते पीत. तिसऱ्यांदा भांडं परत देताना ती "आभार" म्हणे. आभार म्हटलं की पुरे झालं. मग वाढणारा पुन्हा भरत नाही. ती उठून घरी जाई. काल जाता जाता तिने सांगितलं, लेक तिकडे कोर्दोबा शहरात कायमची राहायला बोलावते आहे, उद्या संध्याकाळी फोन करून उत्तर विचारणार आहे. वर हसून म्हणाली, इथे पारानात तरी काय, रोज तेच कडू पाणी.

ते हसणं हिलारिओला ऐकू आलं नव्हतं. कडू पाणी तेवढं ऐकू आलं होतं.

पिशवीवर लिहिलं होतं, उकळतं पाणी घाला. उकळत्या पाण्याने पत्ती जळते हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण छापील अक्षरापुढे त्याचं कधीच काही चाललं नव्हतं. त्याने किटली उकळू दिली.

सुलेमा येऊन बसली. पहिलं भांडं वाढणाऱ्याने प्यायचं असतं. हिलारिओने ओढलं. केस धुवायच्या साबणाची चव. चेहरा न हलवता त्याने नळीचा खुर्र आवाज येईपर्यंत ते संपवलं, पुन्हा भरलं आणि तिच्या हाती दिलं.

तिने घोट घेतला आणि नळीकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"संत्रं. आणि खोबरं. मॉलमधनं आणलंय."

"तुम्ही मॉलमध्ये गेलात?"

"बसने."

"आणि पाणी उकळलंत."

"तसं लिहिलं होतं," तो पुटपुटला. "रोज तेच ते होतं म्हणालात ना काल."

सुलेमाने भांडं शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. मग उठून आतला चोथा कुंडीत उलटा केला, झाड मेलं तर माझं नाव घेऊ नका म्हणाली, आणि किटली उचलून स्वयंपाकघरात गेली. चार वर्षांत ती अंगणापुढे कधी गेली नव्हती. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग नळाचा. हिलारिओ जागचा हलला नाही. कापलेल्या पिशवीची कड तो बोटाने सरळ करत राहिला.

ती रोजच्या पत्तीचा जुना डबा घेऊन आली. किटली स्वतःच्या पायाशी ठेवली. पहिलं भांडं भरलं आणि स्वतःच प्यायली. इतक्यात तिच्या खिशातला फोन वाजू लागला.

"तुमची लेक," हिलारिओ म्हणाला.

"वाजू दे. सांगेन तिला सावकाश, इथे एका माणसाला अजून पाणी तापवता येत नाही."

तिने भांडं भरून त्याच्यापुढे केलं. कडू, हिरवं, बेताचं गरम. त्याने नळी वाजेपर्यंत ओढलं. आभार हा शब्द अगदी जिभेवर आला. जन्मभर सभ्यपणे वागलेल्या त्या माणसाने तो गिळला, आणि भांडं नुसतंच तिच्यापुढे धरलं.