बुडाखालचे पाहुणे

दाजींच्या मेव्हण्याने बोट आणली तीच मुळी मिरवत. मोठ्या बंदरातला जुना माल, वरून निळा रंग फासलेला, आणि पुढे हा कमरेवर हात ठेवून उभा, जणू समुद्र याच्या बापाने घागरीने भरून ठेवलाय.

गावाची रीत साधी होती. बाहेरची होडी आधी खाडीच्या मुखाबाहेर कोरड्या वाळूवर ओढायची. परक्या पाण्यातलं जे काही बुडाला चिकटून आलं असेल ते उन्हात वाळून मरेपर्यंत ती तिथेच पडून राहायची. मग आत. मेव्हण्याने ही रीत गुंडाळून ठेवली आणि भरती बघून बोट थेट धक्क्याला लावली.

दाजी धावत धक्क्यावर आले. धक्क्याच्या खालच्या अंगाला, ओहोटीत उघडे पडणारे खडक त्यांचे. त्यावरची कालवं फोडायची आणि विकायची, त्यावरच नवरा-बायकोचं घर चालायचं.

"मेव्हणे, बोट बाहेर काढा. बुड बघितलंत का तिचं?"

"बुड कोण बघतं दाजी? लोक तोंड बघतात."

"तुमच्या घराण्यात तीच पद्धत. मी पण तोंड बघूनच फसलो."

"अहो, मी इथेच उभी आहे," बायको म्हणाली.

"म्हणून तर हळू बोललो."

मेव्हणा हसला आणि इंजिन पुसायला लागला. आता सरळ बोलून ऐकेल तर तो मेव्हणा कसला. पण दाजींनी उभ्या जन्मात सरळ काम केलं नव्हतं. या माणसाला अकलेचा काटा टोचत नाही, अब्रूचा टोचतो, हे त्यांना ठाऊक होतं. चारचौघांत लाज काढली की बोट आपोआप वाळूवर जाईल.

ओहोटी लागली, बोटीचं पोट उघडं पडलं आणि दाजींनी हाका मारून अख्खा धक्का गोळा केला. हातात बांबू.

"या, या, पाहुणे बघा. हे काळे, नखाएवढे शिंपले. कुठल्या देशाचे, विचारू नका, मालकालाच माहीत नाही. तिकीट नाही, पिशवी नाही. कसे बसलेत बघा, एकमेकांच्या मांडीवर. आत मांस म्हणाल तर मुंगीला पुरणार नाही. आणि ही लोंबतेय ती दाढी. बोटीला दाढी आली, मालकाला अजून मिशी फुटायचीये."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गावचा न्हावी गर्दीतून म्हणाला, "मालक, दुकानात आणा. उलटा हात मारून देतो."

मेव्हण्याचं तोंड वांग्यासारखं झालं. त्याने खलाशांच्या अंगावर पत्र्याची खरवडणी फेकली. "खरवडा. आत्ता. इथेच."

खलाशी कमरेएवढ्या पाण्यात उतरले. शिंपल्यांचे झुबके पाण्यात पडायला लागले. दाजी रंगात आले होते. "गालाजवळ राहिलं. हनुवटीखाली घ्या जरा."

बायकोने त्यांची बाही ओढली. "अहो, ते पाण्यात पडतायत."

"पडू देत. त्याचं तोंड बघ तू."

"मी पाणी बघतेय. ओढ आपल्या खडकांकडे आहे. बोट वाळूवर चढवतात ती हे मरावेत म्हणून. तुम्ही त्यांना जिवंत सोडायला लावलंत."

दाजींनी खाली बघितलं. बोटीपासून गढूळ पट्टा निघाला होता आणि वाट माहीत असल्यासारखा त्यांच्या खडकांकडे चालला होता.

"थांबवा हो, मेव्हणे. बास झालं."

"आता का? आत्ता तर दात काढत होतात," मेव्हणा म्हणाला आणि स्वतः खरवडणी घेऊन पाण्यात उतरला. हसणारे अजून हसतच होते. त्यांना वाटलं, दाजींचीच पुढची गंमत आहे.

पुढच्या हंगामाला खडक काळे पडले. कोयती मारावी तिथे नखाएवढे शिंपले, थरावर थर, आणि त्यांच्याखाली गुदमरून मेलेली कालवं, तोंड वासलेली. दाजींनी खरवडून बघितलं. पुढच्या उधाणापर्यंत दुप्पट आले. उपटसुंभांना हुसकायला जावं तर ते घरच मागतात.

मेव्हण्याची बोट मात्र गुळगुळीत बुडाने सुसाट पळायची. तो धक्क्यावर सांगायचा, "दाजी बोलले म्हणून साफ झाली. असा पाहुणा भाग्याने मिळतो."

आता कालवं उरली होती ती लांब, भूशिराच्या पलीकडे. तिथे जायला इंजिनाची बोट लागते, आणि ती गावात एकच. रोज सकाळी दाजी टोपल्या घेऊन धक्क्यावर उभे राहतात. बायको आधी चढते, भाऊ तिला हात देतो.

"दाजी," मेव्हणा वरून म्हणतो, "पाय धुऊन चढा हं. बोट घाण होते."

दाजी वाकतात आणि पाय धुतात.