सांता आनाचा परकर

नांग सियांगनं सांता आनाच्या कमरेची नाडी सोडली, परकर हलक्या हातानं खाली उतरवला आणि झटकायला उचलला, तेव्हा तिच्या बोटाला काहीतरी टोचलं.

वेदीमागच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. सणाआधी सांताचे कपडे बदलायचे तर आत फक्त बायका. पुरुषानं, अगदी फादरनंसुद्धा, उंबरठा ओलांडायचा नाही, ही हिनुबायन गावची जुनी रीत. सून अर्लिंडा मूर्तीला मागून मिठी घालावी तशी धरून उभी होती. मूर्ती लाकडाची, बुटक्या बाईएवढ्या उंचीची. सियांगनं परकर खिडकीपाशी उजेडात नेला. काठाच्या लेसमध्ये कुसळं रुतून बसली होती, वाळलेली, तांबूस. डोंगरावरच्या गवताची. समुद्राकाठी तसलं गवत उगवतच नाही.

वरचा रेशमी झगा अगदी स्वच्छ होता. कुसळं होती ती आतल्या परकरालाच. आणि हा परकर गेल्या सणाला तिनं स्वतः धुऊन, इस्त्री करून सांताला नेसवला होता. त्यानंतर मूर्ती वेदीवरून तसूभर हललेली नव्हती.

"अर्लिंडा, हे बघितलंस?"

अर्लिंडानं नुसती मान हलवली. एरवी या पोरीच्या बोलण्याला खंड नसे; जपमाळेच्या दोन मण्यांमध्येही ती बाजारातल्या मासळीचा भाव सांगून मोकळी व्हायची. आज एवढंच म्हणाली,

"हात भरून आलेत माझे, नानाय. लवकर नेसवू या."

दार उघडलं तेव्हा फुलवाली बाहेर टोपली घेऊन उभीच होती. सियांगच्या तळहातावरची कुसळं तिनं पाहिली, छातीवर क्रूस काढला आणि फुलं तिथेच ठेवून चालती झाली. दुपारच्या घंटेपर्यंत बातमी मासळीबाजार ओलांडून धक्क्यापर्यंत पोचली होती. सांता पुन्हा चालायला लागली.

पुन्हा, कारण ही गोष्ट हिनुबायनमध्ये दुधाबरोबर पाजली जाते. गाव पहिल्यांदा वसलं ते याच किनाऱ्यावर. लुटारूंच्या होड्यांनी ते जाळलं, तेव्हा उरलीसुरली माणसं सांताला पाठुंगळी मारून डोंगरावर चढली आणि तिथे दगडी चर्च बांधून राहिली. पुढे वाखाला भाव आला, वाखाचे गठ्ठे न्यायला जहाजं लागायला लागली, तसं गाव पुन्हा खाली उतरलं आणि बैलगाडीत घालून सांतालाही घेऊन आलं. खालचे म्हणतात, सगळ्यांना विचारून आणलं. वरचे म्हणतात, पळवून नेलं. भांडण मिटवायला कुण्या जुन्या फादरनं तोड काढली, की दरवर्षी सणाच्या आदल्या दिवशी सांतानं जुन्या गावात मुक्कामाला जायचं. तरी म्हाताऱ्या सांगतच आल्या, की तिला डोंगराची आठवण येते, अधूनमधून ती आपली आपण जाऊन येते. परकराला कुसळं लागतात ती त्यामुळेच.

यंदा मात्र तो मुक्काम राहतो की जातो, असा प्रश्न होता. पावसानं वरच्या वाटेची दरड कोसळली होती. जुन्या गावात आता मोजकीच घरं उरली होती. आणि मूर्तीच्या मानेला तडा गेला होता. चर्चच्या समितीत दोन तट पडले, तेव्हा फादर विल्मारनी सांगून टाकलं की सांताला रोज हात लावणारी बाई सांगेल ते ऐकायचं. रविवारच्या प्रार्थनेनंतर सियांगनं सांगायचं होतं, सांता जाऊ शकते की नाही.

तिचं उत्तर ठरलेलं होतं. नाही. सासूनं मरताना मूर्ती तिच्या हवाली केली होती, अन् ती आपल्या हातून फुटली तर मेल्यावर तिला तोंड कसं दाखवायचं? पण आता ही कुसळं. जिला आपण जाऊ नकोस म्हणणार, तीच जाऊन आली असेल तर?

बाजारात चर्चेला ऊत आला होता. केळीवाल्यानं तिला विचारलं की सांता खाली उतरताना रिकाम्या हातानं का येते, चार घड तरी घेऊन यायचे. एका म्हातारीनं शंकेचं निरसनही करून टाकलं, की झगा कोरा कसा म्हणून काय विचारता, वरचा झगा उचलून धरून चालली असणार, शहाणी बाई आहे. बर्फाच्या कारखान्याचे मालक आणि समितीचे अध्यक्ष नोंग पोन्सियानो तेवढे हसले नाहीत. गावात वडीलधाऱ्या बाईला नांग म्हणत, पुरुषाला नोंग.

"वरच्यांची करणी आहे ही, नांग. रविवार तोंडावर आलाय आणि आत्ताच बरी कुसळं सापडली."

सियांगलाही ते पटलं. आणि पटलं तसा तिला राग आला. मुक्काम हवा तर मागावा, रडावं, भांडावं. पण देवाच्या अंगाशी असले खेळ करू नयेत. दुसऱ्या दिवशी पहाटेची जपमाळ झाल्यावर ती काही न खाता निघाली. दरडीपर्यंत मोटरसायकलवाल्यानं सोडलं. पुढे चिखल, सैल दगड आणि कमरेएवढं गवत. वर पोचेस्तोवर तिचा श्वास लागला होता, पण राग काही उतरला नव्हता.

जुन्या चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंतींच्या आत कुणीतरी रताळी लावली होती. शेजारी पत्र्याचं छोटं प्रार्थनाघर, त्याला लागून नांग बासिलियाचं घर. वर सांताचा मुक्काम असे तेव्हा तिची उठबस बासिलियाकडे असायची. तिची आजी आणि आजीची आईही तेच करत आल्या होत्या. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. ती दारात बसून बोटांनी चाचपत वाखाचे धागे सोलत होती.

"पावलं जड पडतायत म्हणजे खालच्या गावची," ती मान वर न करता म्हणाली. "ये इंदाय. आमच्याकडे आता काय चोरायचं उरलंय, ते बघायला आलीस?"

सियांग सत्तरीला टेकली होती, पण बासिलियाच्या तोंडी अजून इंदाय, म्हणजे पोरगीच होती. तिनं बसायच्या आधीच विचारलं. परकराला कुसळं कुणी लावली?

बासिलियाचे हात थांबले. मग ती म्हणाली,

"राहिली का? मी सगळी वेचली होती गं. बोटांनी जेवढी लागली तेवढी."

आतून तान्ह्या बाळाचा किरकिर आवाज आला, तो वाढला, आणि कुणीतरी पाजायला घेतल्यासारखा एकदम बंद झाला.

मग बासिलियानं सांगितलं ते असं. दरड कोसळली त्याच पावसात तिच्या नातसुनेला वेणा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. नातू चिखलातून घसरत खाली गेला, दवाखान्यात गेला, पण दरडीपलीकडे गाडी चढेना. तेव्हा तो चर्चकडे वळला. पूर्वी अडलेल्या बाईला सांताचा परकर नेसवायची चाल होती. सांता आना म्हणजे येशूची आजी, लेकुरवाळ्यांचीही आजीच. एकदा एक परकर फाटून परत आला, तेव्हापासून सियांगनंच ते बंद केलं होतं. आता दवाखाना आहे, परकर कशाला, असं ती म्हणायची. पण त्या दिवशी सियांग लेकीकडे शहरात गेलेली. चर्चमध्ये अर्लिंडा होती.

"परकर नेसवला, झोळीत घातलं आणि चौघांनी बांबू खांद्यावर घेतला," बासिलिया म्हणाली. "दरडीपर्यंत नेलं, पुढे वाट नाही. परत आणलं. झोळीतून काठ लोंबत होता, गवतातून फरफटला. घरात आल्यावर मूल आपोआप फिरलं की सुईणीनं फिरवलं, ते त्या दोघींनाच माहीत. मुलगा झाला. तरी लोक त्याला आनाच म्हणतात."

सियांगनं तोंडावरून हात फिरवला. अर्लिंडानं परकर एकटीनं उतरवला असेल आणि एकटीनंच परत नेसवला असेल. कुठे सांडलं नाही, कुणाला सांगितलं नाही.

"धुतला तो आम्हीच," बासिलिया पुढे म्हणाली. "डाग गेले का सगळे? मला दिसत नाही."

"गेले," सियांग म्हणाली. मग, "जवळजवळ."

आतून नातसुनेनं आल्याचा गरम काढा पाठवला. सियांगच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं, पण दुपारचा जप होईतो तोंडात काही घालायचं नाही, हा तिचा नेम होता. तिनं पेला हातात धरून ठेवला. रविवारचं काय, ते तिला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. बासिलियानंच विषय काढला.

"फादरना सांग, यंदा नका आणू म्हणून. तिच्या मानेचा तडा मला गेल्या सणालाच बोटाला लागला होता. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही आणायचं बंद केलं असतं." तिनं एक धागा ओढून सरळ केला. "वर्षभर झोप नाही मला. फुटली तर?"

"मग तुम्हाला काय राहिलं, नांग?"

"यंदा तर ती येऊन गेली ना. नेहमीची येते ती मिरवायला येते. यंदा कामाला आली."

बासिलियाच्या आवाजात रुसवा असता तर तिला सोपं गेलं असतं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर समिती चर्चच्या पडवीत जमली. बाहेर माणसांची गर्दी. कुसळांचा निकाल लागणार म्हणून खालचे तर आलेच होते, वरचेही काहीजण आले होते आणि खांबाला टेकून उभे होते. फादर विल्मारनी विचारायच्या आत सियांग उठली. तिचा आवाज मुळातच बारीक. लोकांना गप्प बसावं लागलं.

तिनं आधी कुसळांचं सांगितलं. सांता चालली नाही. तिचा परकर एका अडलेल्या बाईच्या अंगावर होता, तिथे त्याला कुसळं लागली. परकर आपल्याच घरच्या माणसानं दिला, आणि तो देण्यात चूक काही झाली नाही. चूक होती ती देणं बंद करण्यात. अर्लिंडा बायकांच्या रांगेत होती. तिनं डोक्यावरची ओढणी आणखी पुढे ओढली.

"म्हणजे चमत्कार नाही," नोंग पोन्सियानो म्हणाले. "बरं झालं. आता मानेचं सांगा."

"मानेला तडा आहे. मूर्ती जाणार नाही."

खांबाजवळचे हलले. कुणी वाद घातला नाही. बासिलियाचा नातू तेवढा खाली बघून पायातला चिखल खरवडत राहिला.

"पण परकर जाईल," सियांग म्हणाली. "सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना होते ना, तिच्या नवव्या दिवशी, बँड लावून, मेणबत्त्या घेऊन, जशी ती जाते तसा. तुम्ही, फादर, वर प्रार्थना करायची. आणि परकर परत यायचा नाही. तो वरच राहील, बासिलियाच्या घरात, ज्या बाईला लागेल तिच्यासाठी."

पडवीत कुजबुज झाली. नोंग पोन्सियानोंचे कान लाल झाले होते.

"परकराची मिरवणूक? शेजारच्या गावचे काय म्हणतील, नांग? आम्ही पुरुषांनी परकर खांद्यावर घेऊन चालायचं?"

"तुमच्या आईनं तुम्हाला काय नेसून वाढवलं, नोंग?" मागून एक म्हातारी म्हणाली, आणि बायकांत हसू फुटलं ते आवरेना.

फादर विल्मार वयानं लहान होते. हसावं की नाही हे त्यांना कळेना. त्यांनी सियांगकडे पाहिलं. ती हसत नव्हती. त्यांनी वहाणा सरकवल्या, उभे राहिले, आणि इतकंच म्हणाले की दरडीवरून चढायचं तर मोजके लोक घ्या, आणि पहाटे निघा. बासिलियाच्या नातवानं मान वर केली. परकर धरायला वरची चार माणसं खाली येतील, असं तो म्हणाला.

दुपारी सियांग आणि अर्लिंडा बाजारातल्या कापडाच्या दुकानात गेल्या. दुकानाच्या पायरीवर सियांगनं सुनेच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली आणि तिला आधी चढू दिलं.

सणाला नवा परकर घ्यायचा तर दुकानदारीण विचारतही नसे. तिनं नेहमीचं पांढरंशुभ्र सॅटिन काढून फळीवर पसरलं. सियांगनं ते दोन बोटांत धरून चुरगाळलं आणि बाजूला सारलं.

"सुती दाखव."

"सुती?" दुकानदारीण हसली. "सांताच्या अंगावर?"

"तिच्या अंगावर नऊ दिवस. पुढे वर." सियांगनं वरच्या फळीवरचा जाड गठ्ठा खाली घ्यायला लावला, कापड उजेडाकडे धरलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "यातनं रक्ताचे डाग धुतल्यावर निघतात ना?"