पाचव्या दोरावर कोण?

विल्फ्रेड टॅन्सलीला खोटं बोलता येत नाही, हे आमच्या अख्ख्या गावाला माहीत आहे. पाद्रीबाईंचं प्रवचन लांबलं की तो चर्चच्या दारातच सांगतो, "आज शेवट तीनदा झाला." म्हणून त्या रविवारी संध्याकाळी त्याच्या घरी टीव्हीसमोर बसताना मला धाकधूक होत होती.

'इन्स्पेक्टर बार्डवेल' ही खुनाची मालिका तेवीस वर्षं चालू आहे, आणि त्या दिवशीचा भाग विल्फच्या मुलीने, हेस्टरने लिहिला होता. नऊ वर्षं लंडनला दुसऱ्यांच्या संहिता तपासल्यावर तिला मिळालेला हा पहिला भाग. कल्पना मूळ विल्फची. आमच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत, त्या दोरांनी वाजवणारे आम्ही सहाजण, आणि विल्फ आमचा म्होरक्या. तो नेहमी म्हणायचा, चालण्यावरून माणूस ओळखू येतो तसा ठोक्यावरून वाजवणारा ओळखू येतो. हेस्टरच्या गोष्टीत एक आंधळी बाई घरात बसून घंटा ऐकते आणि सांगते, त्या संध्याकाळी पाचव्या दोरावर रोजचा माणूस नव्हताच. तिथेच खुनी सापडतो.

आम्ही सगळे जमलो होतो, हेस्टरही लंडनहून आली होती. मी सॉसेज रोल भाजून नेले होते. पण पडद्यावर आंधळी बाई आलीच नाही. घंटा वाजवणारे दोराला लटकून छतापर्यंत उडत होते. मग एक घंटा सुटून खजिनदाराच्या टाळक्यात पडली, आणि कोणी न विचारताच खुन्याने सगळं कबूल केलं.

"वीस वर्षं वाजवतोय," आयव्हर खाटीक म्हणाला, "पण आपल्याला कोणी उडायला शिकवलंच नाही बघा!"

मी त्याच्या पायावर पाय दिला. पडद्यावर हेस्टरचं नाव आलं आणि गेलं. "चहा टाकते," म्हणत ती उठली.

बाकीच्यांनी कोट चढवले. मी बशा घेऊन स्वयंपाकघरात गेले, तर विल्फ माझ्या मागोमाग.

"डॅड, काही बोलू नकोस हं."

"बरं." किटली उकळेपर्यंत तो गप्प राहिला. "फारच वाईट होतं गं."

"झालं! निघालंच तोंडातून!"

"पण ते तुझं नव्हतंच."

"नाव तर माझंच होतं ना? सातदा बदलायला लावलं मालिकावाल्यांनी. म्हणे, नुसतं ऐकून खुनी ओळखला, हे कोणाला पटणार? आणि डॅड, शेवटी शेवटी मलाही पटेनासं झालं."

विल्फने हातातलं फडकं खाली ठेवलं. "उद्या सरावापर्यंत थांब. बाहेर उभी राहून ऐक. बघू पटतंय का."

सोमवारी संध्याकाळी साडेसात वाजता उन्हं अजून गव्हाच्या शेतांवर होती. पाच घंटांवरही सराव चालतो, म्हणून मी साक्षीदार होऊन हेस्टरजवळ थांबले. पाचवा दोर पाळीपाळीने पाचहीजण धरणार होते. कोणामागून कोण, ती चिठ्ठी माझ्या खिशात.

"आयव्हर," घंटा सुरू होताच ती म्हणाली. "दुकान उघडं टाकून आल्यासारखी घाई."

बरोबर. पुढचे तिघेही तिने अचूक सांगितले. मग पाचवा आला, आणि ती ऐकतच राहिली.

"डॅड," ती म्हणाली. मी मान हलवली, पण ती हसली नाही. "आंटी नोरा, त्याचा हात मागे पडतोय."

"ईस्टरपासून."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं गं. म्हणूनच नाही विचारलं."

ती धावतच जिना चढली. मी धापा टाकत वर पोचले, तेव्हा आयव्हर ओरडत होता, "पाचच्या पाच? काय कान आहेत पोरीचे!"

"मग? पटलं?" विल्फने विचारलं.

"पटलं. खांदा कधीपासून दुखतोय?"

तो दोराची गुंडाळी करत राहिला, डाव्या हाताने. "मार्चपासून. हात वर जात नाही."

"दर आठवड्याला फोन करायचे मी!"

"तू विचारायचीस, घंटा कशा आहेत? घंटा झकास होत्या."

हेस्टरला हसू आलं आणि डोळेही भरले. तिने खुंटीवरचं त्याचं स्वेटर घेतलं आणि दुखरा हात आधी बाहीत घातला. विल्फ, जो कोणाला साधी पिशवीही धरू देत नाही, मुकाट्याने उभा राहिला.

बुधवारी डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे दोराला हात लावायचा नाही. ते सहाही रविवार हेस्टर त्याच्या दोरावर उभी राहिली. ती लहानपणी शिकली होती, पण सवय मोडली होती. विल्फ बाहेर बाकावर बसून ऐकायचा. नंतर ती त्याचीच गाडी चालवत लंडनच्या ट्रेनसाठी स्टेशनवर जायची, आणि गाडी परत आणायला मी मागच्या सीटवर. सबंध रस्ताभर तो शेजारी बसून तिला सांगत असायचा, दोर ओढायचा नसतो गं, येऊ द्यायचा असतो. ती म्हणायची, "हो डॅड," आणि मुद्दाम सावकाश चालवायची.