केसभर खाली

"दादा, शनिवारपर्यंत बघतो. माझ्या कामाला पुन्हा हात लावलास, तर मी वेगळा," धाकटा म्हणाला. पलीकडच्या रस्त्यावरच्या कारखान्यात त्यानं बोलणीही करून ठेवली होती.

आम्ही दोघं भाऊ सुतार. अकरा वर्षं एकाच छपराखाली काम. त्यानं बसवलेलं प्रत्येक दार, तो जेवायला गेला की मी उतरवून पुन्हा बसवायचो. मला वाटायचं, मी त्याची लाज राखतोय. बायको म्हणायची, "स्वभावाला औषध नाही." तरी महिनाभरापूर्वी तिनंच मला ओढत मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं.

धाकट्याच्या धमकीनंतर चौथ्या बैठकीला गेलो, तेव्हा बाई म्हणाल्या, याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. सगळं जग माझ्याच मापात बसलं पाहिजे, हा हट्ट हाडीमाशी खिळलाय. मी खवळलो. "चोख काम हा रोग असेल, तर गबाळ्यांना बक्षिसं वाटा!"

"चोख कामाबद्दल तक्रार नाही," बाई हसल्या. "पण भाऊ चाललाय, त्याचं काय?"

"मग गोळी द्या," मी म्हणालो.

"गोळीनं जायचं नाही हे. सरावानं सैल होईल. त्याचं काम दिसलं की हात मागे. किती अस्वस्थ वाटतंय, शंभरपैकी आकडा लिहा, दर पाच मिनिटांनी. आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

शनिवारी दुपारी कपाटाचं दार बसवून धाकटा जेवायला गेला. वरचा कोपरा केसभर खाली. पेचकस माझ्या हातात कधी आला, मलाच कळलं नाही. बिजागरीच्या स्क्रूवर टोक टेकवलंसुद्धा. मग भीती वाटली, चांगलीच. हा गेला तर मी काय चोख दारांशी गप्पा मारत बसणार?

पेचकस खिडकीतून बाहेर भिरकावला आणि फळीच्या तुकड्यावर लिहिलं, पंच्याण्णव. पाच मिनिटांनी सत्त्याण्णव. बाईंच्या नावानं बोटं मोडली. मग नव्वद. अठ्ठ्याहत्तर. घाम पुसत स्टुलावर बसलो, पण बसून राहिलो. एकसष्ट.

धाकटा आला. दारापाशी वाकून त्यानं एकेक स्क्रू न्याहाळला. मग मुद्दाम विचारलं, "कसं झालंय?"

आता विचारलंच होतं. "कोपरा केसभर खाली आहे. गिऱ्हाइकाला दिसणार नाही. मला दिसतोय."

"मग?"

"मग काय? दिसू दे."

त्यानं वाकून कपाटाचं एक टोक धरलं. "तिकडून उचल," एवढंच म्हणाला. आम्ही कपाट गाडीत चढवलं आणि दोरीनं बांधायला लागलो. कोपरा जवळून दिसत होता, पण मी हात दोरीलाच ठेवले.

"सोमवारी आपल्याकडे ते मोठ्या स्वयंपाकघराचं काम आहे," गाठ आवळत तो म्हणाला. "सगळी दारं मी बसवणार. तू बघायलाही यायचं नाहीस."

"येणार," मी म्हणालो. "हात मागे बांधून उभा राहीन, पण येणार."