वयाचा रंग

"मामा, हे तुम्हीच बघा एकदा," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी मायक्रोस्कोपसमोरची खुर्ची रिकामी केली, तेव्हाच पातळमामांना काहीतरी बिनसल्याचं कळलं. बाई एरवी ती खुर्ची कुणाला देत नसत.

मामा वाकले. काचेवर तपकिरी ठिपके होते. या प्रयोगशाळेत तपकिरीचा अर्थ एकच, शेळ्या-मेंढ्यांचा मेंदू पोखरणारा स्क्रेपी हा रोग. रोगाने बिघडलेल्या प्रथिनाला औषध जाऊन चिकटतं आणि तिथे तपकिरी डाग उमटतो. एका शेळीत डाग सापडला की तिचा अख्खा कळप मारायचा, असा नियम होता.

पातळमामा हे नाव कामावरून पडलं होतं. मेणात बसवलेल्या मेंदूच्या तुकड्याचे ते असे काप काढत की फुंकर मारली तर उडून जातील. अंगाने मात्र चांगले ऐसपैस होते. त्यामुळे नाव ऐकलेला प्रत्येक नवा माणूस एकदा त्यांच्या पोटाकडे बघायचाच. मामा ते मनावर घेत नसत. एक गोष्ट मात्र ते कटाक्षाने पाळत, जनावराच्या मालकाचं तोंड बघायचं नाही. बघितलं की काप काढताना हात थरथरतो, असं त्यांचं म्हणणं.

आज मालकीण बाहेरच्या बाकावरच येऊन बसली होती. आत यायचं नाही असं शिपायाने सांगितलं, तर बरं म्हणाली आणि दुधाची किटली मांडीवर घेऊन बसून राहिली. जिचा मेंदू काचेवर होता ती शेळी अडखळत, भिंतीला अंग घासत मेली, तेव्हापासून या शेळीवालीचं दूध कुणी घेत नव्हतं. सगळ्या कळपाचं दूध ती रोज मातीत ओतत होती. तिने शिपायाला घोटभर देऊ केलं, तर तो मागे सरकला. मामांनी हे खिडकीतून पाहिलं होतं, म्हणजे नियम मोडलाच होता.

"काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

"वाटायचं काय, मॅडम. तपकिरी ते तपकिरी."

"पण फार शहाण्यासारखं बसलंय, पेशीच्या एका कोपऱ्यात. रोग असा बसत नाही." बाई विचारात पडल्या. शेळी पाठवणाऱ्याने वय नुसतं 'मोठी' असं कळवलं होतं. बाहेर जाऊन नीट विचारून या, असं त्यांनी मामांना सांगितलं.

मामांना बघताच शेळीवाली उठून उभी राहिली. त्यांनी वय विचारलं.

"माझ्या पोरीपेक्षा जरा मोठीच."

"पोरगी केवढी?"

"यंदा आठवीत आहे."

मामांना आधी खरंच वाटेना. त्यांच्याकडे यायच्या त्या सगळ्या तरण्या शेळ्या. दूध आटलं की शेळी खाटकाकडे जाते, तिला म्हातारी व्हायला सवड कोण देतं?

"इतकी वर्षं सांभाळलीत?"

"पोर झाली तेव्हा मला दूधच नव्हतं," शेळीवाली म्हणाली. "हिच्यावर वाढली ती. मग आटली म्हणून विकायची कशी? नवरा म्हणायचा, फुकट पोसतेस. म्हटलं, हो, पोसते."

मामांनी आत येऊन हे सांगितलं, तशा बाई खुर्चीत मागे रेलल्या. म्हातारपणीही पेशींत तपकिरी साचतं, त्या म्हणाल्या, वयाचा गाळच म्हणा. पण इतकं वय झालेली शेळी इथे येतच नाही, म्हणून डोळा फसतो. आता डागाचा रंग बदलून बघू. रोग असेल तर लाल उमटेल, वय असेल तर तपकिरी तसंच राहील.

मामा काप काढायला बसले आणि त्यांचा हात खरंच थरथरला. पहिला काप फाटला. त्यांनी स्वतःला एक शिवी घातली, हात मांडीवर दाबून ठेवला आणि पुन्हा पातं फिरवलं. रंग नीट लागतो की नाही हे कळावं, म्हणून रोगाने मेलेल्या एका मेंढीचा जुना कापही शेजारी लावला.

रंग चढेपर्यंत संध्याकाळ झाली. मेंढीचा काप लालभडक निघाला. शेळीच्या कापात मात्र तपकिरीच होतं, लाल कुठेच नाही. बाईंनी काच या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिली, मग दुसरे कापही पाहिले, आणि मान हलवली. नाही. मामांचे डोळे भरून आले. पहिल्या नजरेला निकाल न देणाऱ्या या बाईंचे केवढे उपकार, असं त्यांना वाटलं. सांगायला ते आपणहून बाहेर गेले.

"रोग नव्हता, ताई. तुमच्या कळपाला आता कोणी हात लावणार नाही."

ती बाकावर टेकली. मग म्हणाली, "मग तिला झालं काय होतं?"

"वय झालं होतं."

"नुसतं वय?"

"नुसतं वय. तुम्ही होऊ दिलंत ना."

तिने बाहीने डोळे पुसले. उपकार झाले म्हणाली. मामा तिच्या शेजारी बाकावर बसले.

"किटलीत दूध आहे अजून?"

"सकाळचंच तापवलेलं आहे. पण गार झालंय."

"चालेल."

तिने झाकणात दूध ओतलं. शिपाई दारात थबकून बघत होता. मामा सावकाश प्यायले, आणि शेवटचा घोट उतरेपर्यंत शेळीवालीने त्यांच्यावरची नजर काढली नाही.

"आणखी ओतू?" तिने विचारलं.

मामांनी झाकण पुढे केलं.