काफीऐवजी

अंबाजी तांडेलाला काफीचं वेड लागलं ते मंगळुरात. रेवदंड्याच्या एका व्यापाऱ्याचं गलबत तो चालवायचा. जाताना सुकी मासळी न्यायची, येताना मंगळुरी कौलं आणायची. कौलं चढेस्तोवर धक्क्यावर दिवसच्या दिवस काढावे लागत, आणि तिथल्या खानावळीत काफीशिवाय दुसरं काही मिळत नसे. दोन-तीन हंगामांत त्याला काफीची अशी काही चटक लागली, की घरी यायचा तो काफीच्या बियांची पुरचुंडी कमरेला लावूनच. केसर, त्याची बायको, त्या तव्यावर भाजायची, उखळात कुटायची, आणि साऱ्या आळीला कळायचं की तांडेल परत आला.

दिवाळीच्या आधी बंदरावरून घरी चढून येताना तो वाटेतच मटकन खाली बसला. छातीत नुसती धडधड. केसरनं त्याला अलिबागला नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "तांडेल, काफी बंद. थेंबसुद्धा नको. नाहीतर एखाद्या दिवशी सुकाणूवरच आडवे व्हाल."

ते वाक्य केसरच्या मनात रुतून बसलं. भर समुद्र, वाऱ्याने फुगलेलं शीड, आणि सुकाणूवर पालथा पडलेला आपला माणूस. भाकरी थापताना तिला ते दिसायचं, पाणी शेंदताना दिसायचं.

मग तिनं काफीच्या बदली काय द्यावं याचा ध्यास घेतला. साधा पातळ चहा केला, तर तांडेल म्हणाला, "ह्यात काय हाय? कोमट पानी." सुंठ-जिऱ्याचा काढा दिला, तर म्हणाला, "बाळंतिनीला दे." तुळशीचा केला तो त्यानं पायरीवरून अंगणात ओतून दिला. शेवटी तिनं परसातला गवती चहा कापला, त्यात आलं ठेचलं, गूळ घातला आणि पेला पुढं ठेवला. तांडेलानं पेला संपवला, मिशा पुसल्या.

"आनखी हाय?" त्यानं विचारलं.

केसरला वाटलं, सुटलो एकदाचे.

गलबत निघायचा दिवस ठरला, तेव्हा प्रवासाला म्हणून तिनं गवती चहा बारीक कापून सुपात वाळत घातला. त्याच दिवसांत तिच्या सासूच्या, बायजाच्या पायाला खरूज झाली होती. म्हातारी कण्हेरीचा पाला तेलात उकळून लावायची. तिनंही पाला बारीक चिरून दुसऱ्या सुपात पडवीतच ठेवला होता. केसरला ते ठाऊक नव्हतं. पडवीत येणाऱ्या उन्हात चार दिवस राहून दोन्ही सुपांतला पाला सारखाच करडा, सारखाच चुरचुरीत झाला.

निघायच्या सकाळी एकच धांदल. ओहोटी लागायच्या आत गलबत खाडीबाहेर काढायचं होतं, तांडेल अंगणातून हाका मारत होता. केसरनं एक सूप फडक्यात रिकामं केलं. पुरचुंडी लहान दिसली. सासूनं जागा पुरेना म्हणून अर्धा पाला दुसऱ्या सुपात काढला असेल, असं समजून तिनं तेही त्यातच ओतलं, गाठ मारली आणि पुरचुंडी नवऱ्याच्या हातात दिली.

"काफी न्हाय हां प्यायची," ती म्हणाली.

"न्हाय गो," तांडेल म्हणाला आणि गेला.

उन्हं अंगणात आली तेव्हा बायजा पडवीत चाचपडत होती. "केसर, माजा कन्हेरीचा पाला कुनी उचलला?"

"कसला पाला, आये?"

"ह्या सुपात होता तो. खरजेचा."

केसरनं सुपाकडं बघितलं. सुपाच्या कडेला वाळक्या पानाचे चार तुकडे अडकले होते. तिनं एक उचलून नाकाशी नेला. गवती चहाचा वास नव्हता. कसलाच वास नव्हता. कण्हेर खाऊन मेलेली गाय तिनं लहानपणी माहेरी पाहिली होती.

डोईवरचा पदर कुठं गेला ते तिला कळलं नाही. ती पळत सुटली ती थेट बंदरावर. गलबत धक्क्यावर नव्हतं. पण वारा पडला होता, आणि पलीकडं कोर्लईच्या डोंगराखाली एक शीड लोंबकळत उभं होतं. शेजारचा सदा होडीत जाळं आवरत बसला होता.

"सदाभावजी, मला गलबतावर न्या!"

"झालं काय, वयनी?"

तिला 'विष' हा शब्द तोंडातून काढवेना. "न्या म्हनते ना! तुमच्या पाया पडते!"

सदानं वल्ही मारायला घेतली. होडी पुढं सरकतच नाही असं केसरला वाटत होतं. मनात एकच चाललं होतं, आता चूल पेटवली असेल, आता पाणी उकळलं असेल, आता त्यानं पेला तोंडाला लावला असेल. जवळ गेल्यावर खरंच तिला तो दिसला. तांडेल मागच्या फळीवर बसला होता, हातात वाफाळता पेला.

"अवो, पिऊ नका! टाका तो!" ती किंचाळली.

तांडेलानं दचकून पेला पाठीमागं लपवला. ती कशीबशी वर चढली आणि तिनं तो हिसकावून घेतला. काळा रस, आणि ओळखीचा जळका वास. काफी होती ती.

तांडेलानं मान खाली घातली. "एकच प्यालो, केसर. आईशपथ."

रडावं की हसावं ते कळेना. "मंग पाला कुठं हाय? मी दिला तो?"

"हरेश्वराला दिला. सकाळपास्नं त्याचं अंग कसकसत होतं. टोपभर उकळून प्याला. कडू लागला म्हनत होता, पन औशद म्हनून प्याला."

हरेश्वर खलाशी डोलकाठीपाशी कुशीवर पडला होता. त्याच्यासमोर फळ्यांवर ओकारीचं थारोळं होतं, आणि ओठ निळे पडले होते.

"त्यात कन्हेर गेलीय," केसर म्हणाली. "माज्या हातानं."

वादळात सुकाणू न सोडणारा अंबाजी, पण त्याचं तोंड पांढरं फटक पडलं.

त्यांनी हरेश्वराला होडीत उतरवलं. सदा आणि तांडेल वल्ही मारू लागले. केसरनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मनगट धरून ठेवलं. नाडी लागायची, मग थांबायची. आता पुन्हा लागतेच की नाही, या धास्तीनं ती श्वास रोखायची. लागली की सोडायची. धक्क्यावर हरेश्वराची बायको मैना धावत आली होती. बातमी कशी पोचली कोण जाणे. तिनं नवऱ्याचे पाय धरले आणि त्यांच्याबरोबर निघाली.

मिठाच्या गोणी नेणाऱ्या ट्रकातून त्याला अलिबागला नेलं. दवाखान्याच्या दारात तांडेल केसरच्या कानाशी लागला. "मासळी खराब होती म्हनू या. न्हायतर पोलीस तुला नेतील."

कोठडी, बेडी, आळीतल्या बायका, सगळं केसरच्या डोळ्यांपुढून गेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं यानं?"

"मासळी—" तांडेलानं सुरुवात केली.

"कन्हेर," केसर म्हणाली. "कन्हेरीचा पाला उकळून. मीच चुकून बांधून दिला होता."

मैना तिच्या मागंच उभी होती. तिनं ऐकलं. डॉक्टर तडक आत पळाले, आणि नळी, पाणी, सुई यांची धावपळ सुरू झाली.

पोलीस आले, त्यांनी केसरला दोनदा तेच तेच विचारलं आणि जबाब लिहून घेऊन परत गेले. हरेश्वर बरेच दिवस खाटेवर होता. आधीच खूप ओकला होता म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आल्यावर त्यानंच हवालदाराला सांगितलं, "वयनीनं मुद्दाम काय न्हाय केलं." पण पुढं तो समुद्रावर गेला नाही. मैनानं केसरच्या घरचं पाणी कधी घेतलं नाही, आणि केसरनंही तिला कधी आग्रह केला नाही.

तांडेलानं उरलेल्या बिया खाडीत टाकल्या. तिनं त्याला जाब विचारला नाही. काय विचारणार? तो खोटं बोलला म्हणूनच जिवंत होता, आणि त्याचं खोटं दुसऱ्याच्या पोटात गेलं होतं.

घरात वाळका पाला म्हणून पुन्हा राहिला नाही. बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी तांडेल म्हणाला, "गवती चहा करशील?" केसर परसात गेली. एकेक हिरवं पातं तोडून तिनं हुंगलं, धुतलं, पुन्हा हुंगलं. चहा उकळल्यावर आधी तिनं स्वतः पेलाभर घेतला आणि चुलीपाशी छातीवर हात ठेवून बसून राहिली. तांडेल पडवीत वाट बघत होता. पुढं रोज असंच होऊ लागलं. त्याच्या हातात पेला यायचा तेव्हा चहा पार गार झालेला असायचा. ज्या माणसाला काफी जीभ भाजेल इतकी कढत लागायची, तो तसाच गार चहा प्यायचा, आणि एका शब्दानं कुरकुरायचा नाही.